पेशकाराचा कोट

आमच्या फाटकावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'पेशकार सदन' असं कोरलेलं आहे. नांदेडात श्रीनगरच्या बाजूला कुणालाही विचारा, घर दाखवतील. पेशकार म्हणजे निजामाच्या तहसिलीत साहेबापुढे कागद पेश करणारा कारकून. आमचे आजोबा नरसिंगराव पेशकार होते, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो आहे. माझ्या मुंजीत ते सांगितलं गेलं, बहिणीचं स्थळ बघताना सांगितलं गेलं, आणि माझ्या लग्नात तर सासरच्यांनी न विचारता दोनदा सांगितलं गेलं. मी स्वतः एका सरकारी कचेरीत वरिष्ठ सहायक आहे. पेशकाराचा नातू वरिष्ठ सहायक होणार नाही तर काय भेळेची गाडी लावणार?

पाण्याचा माठ माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. तरीही मला तहान लागली की मी घंटी वाजवतो आणि शिवकुमार चपराशी पाणी आणून देतो. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढे त्याचं काम पडणार आहे म्हणून सांगतो.

ऑगस्टच्या शेवटी कचेरीत परिपत्रक आलं. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, सर्व अधिकारी-कर्मचाऱ्यांनी १९४८ सालच्या पोशाखात ध्वजवंदनाला हजर राहावं. घराण्यातला मूळ पोशाख घालून येणाऱ्याचा पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. मी ते परिपत्रक घरी आणून अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा म्हणजे माझे वडील, दत्तोपंत गुरुजी, वय सत्त्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि आता दोन्ही किडन्या थकल्यामुळे खाटेवर पडून होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दसरा बघतील असं वाटत नाही. त्यामुळे हल्ली मी त्यांना जे हाताला लागेल ते वाचून दाखवत असे, अगदी पाणीपट्टीची नोटीससुद्धा.

परिपत्रक ऐकून अण्णांनी डोळे उघडले. "दादांचा कोट काढ," म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा.

कोट लोखंडी पेटीत तळाला होता. लांब, शेरवानीसारखा, मळकट राखी रंगाचा, कापूर आणि उंदरांच्या वासाचा. छातीवरून खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरपा गडद पट्टा उमटला होता. कशाचा तरी डाग असावा असं मी धरून चाललो.

"तो घालून झेंड्याला जा, रविकांता," अण्णा म्हणाले. "आणि तसाच घरी ये. मला एकदा बघायचाय तो अंगावर. पेटीत लई दिवस झाले त्याला."

आयुष्यात या माणसाने मला काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. कोट घालायचा, झेंड्याला सलाम करायचा आणि घरी यायचं. यात अवघड ते काय?

अवघड काय ते शेजारच्या हणमंतरावांनी सांगितलं. हणमंतराव मूळचे चाकूरचे, कृषी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. सल्ला दिल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. कोट उलटापालटा करून बघत ते म्हणाले, "नुसता कोट चढवून जमत न्हाई, रविकांतराव. पेशकार काय उघडा कोट घालत व्हता का? थर पाहिजेत थर. आत मलमलचा सदरा, त्याच्यावर जाकीट, त्याच्यावर कोट, वरून उपरणं. डोक्याला पगडी. जाकिटाला साखळीचं घड्याळ. हातात काठी, पायात पंपशू. एवढं असलं की मग माणूस म्हणतो, हाव, हाय हा पेशकार."

"सप्टेंबरच्या उन्हात?" बायको म्हणाली. देविका कमी बोलते, पण बोलते तेव्हा वर्मी. "अण्णांच्या आधी तुमचाच नंबर लागायचा."

मला राग आला. पण राग यायचं खरं कारण हे, की आमच्या घरात तेव्हा कुणाचा तरी नंबर लागणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. तिने ते मोठ्याने म्हटलं एवढंच.

कोटाला कसर लागली होती आणि गुंड्या दोनच उरल्या होत्या. नांदेडातल्या तीन शिंप्यांकडे गेलो. पहिला म्हणाला, आम्ही फक्त जीन्स खालून कापतो. दुसरा म्हणाला, हे शिवण्यापेक्षा नवीन घ्या. तिसऱ्याने कोट हुंगला आणि दुकानाच्या बाहेर ठेवायला सांगितला. लग्नाच्या कपड्यांच्या दुकानदाराने तर मला कॅटलॉगच दाखवला, त्यात नवरदेव, नवरदेवाचे बाप आणि वाढपी अशा तीन प्रकारच्या शेरवान्या भाड्याने होत्या. मी म्हणालो, आमच्या घराण्याचा मूळ पोशाख आहे. तो म्हणाला, मग तर भाड्याचाच घ्या, मूळ फाटला तर कुठून आणणार? मी दुकानातून उतरलो.

शेवटी हणमंतरावच म्हणाले, "लातूरला गंजगोलाईत गफूर मास्टर हाय. त्याच्या आज्यापासून सरकारी कपडे शिवत आलेत." आणि मला वाट दाखवायला म्हणून ते स्वतःही एसटीत बसले. लोहा, अहमदपूर मागे पडेपर्यंत त्यांनी मला सोयाबीनवरच्या किडीपासून कोट वाचवण्याचे उपाय सांगितले आणि चाकूर येताच शेतात जरा चक्कर टाकून येतो म्हणून उतरून गेले. त्या दिवशी ते परत आलेच नाहीत. पुढे जे झालं ते बघता, बरंच झालं.

गफूर मास्टर सत्तरीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. गंजगोलाईच्या एका बोळात दीड माणसाचं दुकान. त्यांनी कोट हातात घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कुनाचा म्हनला?"

"माझ्या आजोबांचा. पेशकार होते तहसिलीत."

मास्टरांनी कोट उलटा केला. मग म्हणाले, "साहेब, बुरा मत मानो. पेशकाराच्या कोटाला अस्तर रेशमी असतं. हितं अस्तरच न्हाई. पेशकाराला घड्याळाचा खिसा असतो. ह्याला न्हाई. आन् हे बघा." त्यांनी खांद्यावरचा कापडाचा फासा दाखवला, मग कमरेचा. "ह्याच्यातून पट्टा जायचा. लाल पट्टा, त्याच्यावर पितळेचा बिल्ला. ह्यो डाग न्हाई साहेब. बाकीचा कोट उन्हानं उडाला, पट्ट्याखालचा रंग तसाच राहिला. उन्हात उभं राहून राहून उडलाय बघा. ह्यो चपराशाचा कोट हाय."

मी म्हणालो, तुमची चूक होते आहे. मास्टर म्हणाले, असंल. माझ्या आवाजाला धार आली. आमच्या फाटकावर ग्रॅनाइटची पाटी आहे, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यालो आणि पिता पिता मला कळलं, की ते बरोबर आहेत. कधी तरी मलाही दिसायला हवं होतं. पेशकाराच्या मुलाने शिकवण्या करून शिक्षण का पूर्ण केलं, पेशकाराच्या घरात एकही दौत का नव्हती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. कशाची वाटली तेही सांगतो. आजोबांच्या लबाडीची नाही, त्यांच्या हुद्द्याची.

"मास्टर," मी म्हणालो, "ते फासे काढून टाका. घड्याळाचा खिसा लावा. आणि सगळा कोट काळा रंगवा."

"मरायला टेकलेल्या बापाला दाखवायचाय म्हनला नं तुमी?"

"म्हणूनच."

मास्टरांनी वाद घातला नाही. आठ दिवसांनी कोट घ्यायला गेलो तेव्हा तो काळाभोर, खिसेवाला, रुबाबदार झाला होता. त्याच्यावर ठेवलेली वर्तमानपत्राची गुंडाळी मी उघडली. आत लाल बनातीचा, जाड लोकरी कापडाचा जुना पट्टा, त्याच्यावर हिरवट पडलेला पितळी बिल्ला.

"आमच्या आज्यानं शिवलेले. त्यातला एकच राहिलाय," मास्टर म्हणाले. "घेऊन जा. कोट एकला बरा दिसत न्हाई."

मी नको नको म्हणालो आणि घेतला. घरी आल्यावर तो कपाटात फायलींच्या मागे दडवला. अण्णांना काही सांगितलं नाही. कोट दाखव म्हणाले तर म्हणालो, त्याच दिवशी अंगावर बघा.

आता कचेरीतला खोडा. सत्कारासाठी अर्ज करायचा होता आणि अर्जाला परिशिष्ट ब जोडायचं होतं: मूळ पोशाखधारकाचे नाव, हुद्दा व हुद्द्याचा पुरावा. हे परिशिष्ट ब पाहून मला ओळखीचं वाटलं. वाटणारच, ते मीच तयार केलं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणासाठी. तेव्हा मी प्रत्येक झाडाचं नाव, ठिकाण आणि ते झाड असल्याचा पुरावा मागितला होता. लोकांनी मला शिव्या दिल्या होत्या आणि मी त्या शांतपणे ऐकून घेतल्या होत्या. अर्ज घेणारा वैजनाथ माझ्याच हाताखाली तयार झालेला कारकून.

"सर, पुराव्याशिवाय घेता येत न्हाई. तुम्हीच शिकवलंय."

हुद्द्याच्या रकान्यात मी 'पेशकार' लिहिलं. पुरावा म्हणून आमच्या फाटकावरच्या पाटीचा रंगीत फोटो जोडला, स्वतःच साक्षांकित केला. वैजनाथने तो निरखून पाहिला, ग्रॅनाइट ओरिजनल आहे का विचारलं आणि शिक्का मारला. छत्तीस वर्षांच्या नोकरीतला माझा पहिला खोटा कागद पहिल्या फटक्यात मंजूर झाला.

सतरा तारखेला सकाळी अण्णांची तब्येत बरी नव्हती. रात्रभर ते अर्धवट शुद्धीत काहीबाही बोलत होते. मी म्हणालो, जात नाही. पण त्यांनी माझं मनगट धरलं. "जा. कोट घालून जा. आणि लगेच ये." देविकाने मला सदरा, जाकीट, कोट, उपरणं, पगडी असं एकावर एक चढवलं. फोन कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. कोटाच्या नव्या खिशात घड्याळ होतं, म्हणून फोन गेला सगळ्यात आतल्या सदऱ्याच्या खिशात. हा सल्ला अर्थातच हणमंतरावांचा होता. पाकीटमारापासून सुरक्षित, म्हणाले.

मैदानावर आठ वाजताच ऊन चावत होतं. झेंडा झाला, सलाम झाला, भाषणं सुरू झाली. पाठीवरून घामाची धार लागली आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की धार काळी आहे. गफूर मास्टरांचा रंग घामाला टिकला नव्हता. मान, मनगटं, मलमलचा सदरा, सगळीकडे काळे ओघळ. पण मी सत्काराच्या रांगेत ताठ उभा राहिलो. घरी गेल्यावर अण्णांना कोट बघायचा आहे, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात पाहुण्यांचा एक सहायक तरातरा आला आणि माझ्या हातात तबक दिलं. पाण्याचे वीस पेले. "अरे बघत काय उभा? पुढच्या रांगेला पाणी दे!"

मी काही बोलणार, तोच मंडपाच्या टोकाला मला केटररची माणसं दिसली. सगळे वाढपी काळ्या शेरवानीत, डोक्याला पगडी, कमरेला साखळी. भाड्याच्या दुकानातला तोच तिसरा प्रकार. मी मान वर करून सांगायला हवं होतं, की मी पेशकाराचा नातू आहे. पण मी पेशकाराचा नातू नव्हतो. मी पुढच्या रांगेला पाणी दिलं. एक साहेब म्हणाले, गार नाही. दुसऱ्यांनी न बघता रिकामा पेला माझ्या अंगावर धरला. तिसऱ्यांनी तर मला ओळखायलाच हवं होतं, दर सोमवारी मी त्यांच्या केबिनमध्ये फायली घेऊन जातो. त्यांनी पाणी घेतलं, तबक बघितलं, माझं तोंड बघितलंच नाही. आजोबांनी हे किती वर्षं केलं असेल, असं माझ्या मनात आलं.

आत कुठेतरी फोन वाजत होता. वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. हातात तबक, आणि फोनच्या वर जाकीट, कोट आणि उपरणं. माझ्याच्याने तो काढवेना.

"साहेब, द्या इकडं." शिवकुमार होता. त्याने माझ्या हातातलं तबक काढून घेतलं आणि सरळ जमिनीवर ठेवलं. "तुमचा फोन कवापासून वाजून राहिलाय. घरून असंल. चला, गाडी हाय माझी."

सत्कारासाठी माझं नाव पुकारलं जात होतं तेव्हा आम्ही मैदानाच्या फाटकाबाहेर पडत होतो. हिंगोली गेटच्या पुलाखाली पगडी उडाली. शिवकुमारने थांबू का विचारलं. मी म्हणालो, राहू दे.

अण्णांचा श्वास वर चढला होता. देविका उशाशी बसली होती आणि डॉक्टर आता फार वेळ नाही असं सांगून गेले होते. मी तसाच, काळ्या ओघळांसकट, त्यांच्यापुढे उभा राहिलो. रंग जागोजागी उतरला होता आणि छातीवरची ती तिरपी रेघ पुन्हा वर आली होती.

अण्णांनी डोळे उघडले. बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटत होतं. दिसली ती भीती.

"दादा," ते मला म्हणाले. आवाज बारीक, दहा वर्षांच्या पोराचा. "दादा, पट्टा कुठाय?"

मी छातीवर हात फिरवला.

"पट्टा हरवला का, दादा? साहेब कामावरून काढतील नं. काय खायचं आपण?"

त्यांना माहीत होतं. सत्त्याहत्तर वर्षं माहीत होतं. मी कपाटाकडे धावलो, फायली जमिनीवर पाडल्या आणि गुंडाळी फाडली. फासे तर मीच काढून टाकायला लावले होते, त्यामुळे पट्टा अंगावर राहीना. देविकाने मागून तो हाताने धरून ठेवला. मी पुन्हा खाटेपुढे उभा राहिलो. तिरप्या रेघेवर पट्टा बरोब्बर बसला.

"हाय पट्टा," मी म्हणालो. "हरवला न्हाई."

अण्णांनी हात उचलायचा प्रयत्न केला. मी वाकलो तेव्हा त्यांची बोटं बिल्ल्यावर टेकली.

"शाळेत मीच सांगितलो, तुम्ही पेशकार हाव म्हणून," ते म्हणाले. "पोरं हसायची. तुम्हाला शाळेकडं येऊ नका म्हणलो. रागावलात का?"

"न्हाई रे बाळा."

"उद्या या मला न्यायला. पट्टा लावून या. मी सांगतो सगळ्यांना."

"येतो," मी म्हणालो. दुपारी दोनच्या सुमारास ते गेले.

अंत्यविधीनंतर निधनाची बातमी द्यायची होती. शेजारधर्म म्हणून ते काम हणमंतरावांनी अंगावर घेतलं. मी कागदावर स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिला: 'तहसील कचेरीतील चपराशी कै. नरसिंगराव यांचे चिरंजीव, सेवानिवृत्त शिक्षक दत्तोपंत यांचे निधन.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं: 'सुप्रसिद्ध पेशकार घराण्यातील.'

"तुमी दुःखात हाव, चुकून लिहून गेलात," हणमंतराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मीच दुरुस्त करून घेतलं. तुमी काळजी करू नका."

त्यांच्यावर ओरडावं असं मनात आलं होतं. पण ते दोन्ही वेळा आमच्याकडे डबा आणत होते, आणि तेरावा व्हायचा होता. तेराव्यानंतर मी एकटाच त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. मजकूर चुकला आहे, शुद्धिपत्र छापा, म्हणून सांगितलं. खिडकीत बसलेल्या मुलीने माझा अर्ज दोनदा वाचला.

"काका, लोक चपराशाचा साहेब करून घ्यायला येतात. तुम्ही उलटं सांगून राहिलात," ती म्हणाली. "असं छापायचं तर काही पुरावा लागंल."

मी पिशवीतून पट्टा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. बिल्ला आदल्या दिवशी मी चिंच लावून घासला होता.